आयरिश चिन्हांना अर्थ कुणी दिले?

दरवर्षी १७ मार्चच्या, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या दिवसाच्या सुमारास व्हाइट हाउसमध्ये एक छोटा समारंभ होतो. आयर्लंडचे पंतप्रधान अमेरिकेच्या अध्यक्षांना काचेच्या वाडग्यात शॅमरॉक या तीन पानांच्या रोपाची हिरवीगार जुडी भेट देतात. लिओ वराडकर पंतप्रधान असताना या फोटोंकडे मराठी मंडळींचंही लक्ष गेलं, कारण त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. बघणाऱ्याला वाटतं, ही रीत शेकडो वर्षांची असणार. ती सुरू झाली १९५२ मध्ये. आयर्लंडचे वॉशिंग्टनमधले राजदूत जॉन हर्न यांनी अध्यक्ष ट्रुमन यांच्याकडे शॅमरॉकची एक डबी पाठवली. ट्रुमन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये नव्हतेही. तेवढ्यावरून प्रथा पडली.

आयरिश चिन्हांच्या मागे गेलं की हे वारंवार होतं. चिन्ह खरोखर जुनं असतं, पण त्याचा जो अर्थ आज सांगितला जातो तो बहुतेक वेळा गेल्या दोन-तीनशे वर्षांतला निघतो. लॉकेटसोबत मिळणाऱ्या कार्डावर ‘प्राचीन केल्टिक अर्थ’ असं छापलेलं असेल, तर ‘प्राचीन’ आणि ‘केल्टिक’ हे दोन्ही शब्द तपासून घेतलेले बरे.

तिहेरी वलयापासूनच बघा. एकमेकांत गुंफलेली तीन चक्राकार वलयं आज ‘केल्टिक’ म्हणून सगळ्यात जास्त खपतात. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध नमुना मीद परगण्यात, बॉइन नदीच्या खोऱ्यातल्या न्यूग्रेंजला आहे. न्यूग्रेंज म्हणजे मातीदगडांचा एक प्रचंड गोल ढिगारा आणि त्याच्या पोटात दगडी बोळ असलेली समाधी. ती इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षाही जुनी. दाराशी आडव्या ठेवलेल्या भल्यामोठ्या शिळेवर ही वलयं कोरली आहेत आणि आत, अगदी शेवटच्या कोनाड्यात, त्यांची एक छोटी आवृत्ती आहे. प्राध्यापक मायकेल ओकेली इथे उत्खनन करत होते. वर्षातून एकदा ऊन आतल्या वलयांपर्यंत पोचतं, अशी गोष्ट आसपासचे लोक सांगायचे. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ओकेली एकटेच आत जाऊन थांबले. सूर्य उगवला आणि दारावरच्या खिडकीवजा फटीतून उन्हाची तिरीप थेट गाभ्यापर्यंत आली. हा प्रकाश सुमारे १७ मिनिटं टिकतो. आता त्या दिवसांत आत जायला मिळावं म्हणून सोडत काढतात.

हे बांधणारे लोक केल्टिक नव्हते. केल्टिक भाषा आणि त्यांच्याशी जोडली जाणारी कला आयर्लंडमध्ये आली ती याच्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. त्या वलयांना आई-मुलगी-आजी, जमीन-पाणी-आकाश किंवा जन्म-मृत्यू-पुनर्जन्म असे जे अर्थ चिकटवले जातात, त्यांतला एकही त्या दगडावर लिहिलेला नाही. लिपीच नव्हती, तर लिहिणार कोण?

‘केल्टिक’ या शिक्क्याचीही गंमत आहे. ग्रीक आणि रोमन लेखक हे नाव युरोपच्या मुख्य भूमीवरच्या टोळ्यांना देत. आयर्लंडच्या लोकांना ते कुणी लावलं नव्हतं आणि त्यांनी स्वतःही कधी घेतलं नव्हतं. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड लॉइड यांनी १७०७ मध्ये आयरिश, वेल्श, ब्रेटन वगैरे भाषांचं नातं दाखवून दिलं आणि त्यानंतर हे नाव या सगळ्यांना चिकटलं. पुढे १८५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ला तेन या ठिकाणी तलावाकाठी लोहयुगातल्या वस्तूंचा साठा सापडला. त्या वस्तूंवरच्या वळणदार नक्षीला ‘केल्टिक कला’ म्हणायची पद्धत पडली. गॉलवे परगण्यातल्या टुरो इथला कोरीव दगड याच शैलीतला. न्यूग्रेंजची वलयं मात्र तिच्यातली नव्हेत.

गाठींचंही तसंच. न तुटणाऱ्या दोरीसारखी फिरत राहणारी ती वेलवेटोळी आयरिश हस्तलिखितांत आली ती ख्रिस्ती मठ उभे राहिल्यानंतर, साधारण सातव्या शतकात, आणि तीही भूमध्य समुद्राकडची नक्षी व जर्मेनिक टोळ्यांचं धातुकाम यांच्याशी आलेल्या संबंधांतून. इसवी सन ८०० च्या सुमाराचा ‘केल्सचा ग्रंथ’ हा त्या कलेचा कळस. वासराच्या कातड्याची ३४० पानं आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत. पण ही गाठ म्हणजे अनंत प्रेम आणि ती म्हणजे बापलेकाचं नातं, असा तक्ता कोणत्याही भिक्षूने मागे ठेवलेला नाही. विसाव्या शतकात जॉर्ज बेन नावाच्या स्कॉटिश चित्रकला शिक्षकाने या गाठी टप्प्याटप्प्याने कशा काढायच्या ते शोधून शिकवलं. तेव्हापासून त्या कुणालाही जमू लागल्या, आणि टॅटूवाल्यांना तर फारच.

आता बाजाराकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. १८५० मध्ये मीद परगण्याच्या किनाऱ्यावर, बेटीस्टाउनला, एक पदकासारखा दागिना सापडला. कपडा खांद्यावर अडकवायची ती पिन. वर्तुळाचा व्यास नऊ सेंटिमीटरही भरत नाही, पण तेवढ्यात सोन्याच्या केसाएवढ्या तारांचं काम, अंबर, रंगीत काच, चांदीवर सोन्याचा मुलामा. मागची बाजू कपड्याला लागणारी, म्हणजे कुणालाच न दिसणारी, तीही पुढच्याइतक्याच निगुतीने सजवलेली. काम इसवी सन ७०० च्या आसपासचं. हा ऐवज जॉर्ज वॉटरहाउस या डब्लिनच्या जवाहिऱ्याच्या हाती लागला आणि त्याने त्याचं नाव ठेवलं ‘तारा ब्रोच’. तारा ही आयर्लंडच्या पुराणकालीन सम्राटांची टेकडी. दागिन्याचा आणि तिचा काडीचाही संबंध नाही. पण नाव राजेशाही वाटत होतं आणि वॉटरहाउसला त्याच्या प्रतिकृती विकायच्या होत्या. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो मांडला गेला आणि प्रतिकृतींचा धंदा तेजीत आला. मूळ दागिना आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, नाव अजूनही वॉटरहाउसनेच ठेवलेलं.

ती वर्षं बटाट्याच्या दुष्काळाची होती. सुमारे दहा लाख माणसं मेली, साधारण तितकीच देश सोडून गेली. पुढच्या काळात या चिन्हांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ठरली ती याच परागंदा लोकांची अमेरिकेतली मुलं-नातवंडं. भाषा सुटली, गाव सुटलं, तेव्हा छातीवर लावता येईल असं काहीतरी हवं होतं. त्याला फसवणूक म्हणणं मला पटत नाही. पण ‘प्राचीन’ म्हणून छापलेला मजकूर बहुधा याच गरजेतून आला आहे.

शॅमरॉकची कथा याहून मजेदार. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की पाचव्या शतकात आयर्लंडचा संरक्षक संत सेंट पॅट्रिकने तीन पानांची काडी उचलून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच कसे ते समजावलं. पॅट्रिकने स्वतः लिहिलेल्या दोन रचना आज उपलब्ध आहेत. दोन्हींत शॅमरॉकचा उल्लेखही नाही. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी लेखकांत तो येतो तो अन्न म्हणून. १५७१ मध्ये एडमंड कॅम्पियनने आयरिश लोक हा पाला खातात असं लिहिलं. पुढे एडमंड स्पेन्सरने आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातल्या दुष्काळात भुकेली माणसं त्यावर तुटून पडल्याचं वर्णन केलं. म्हणजे सुरुवात गौरवाने नव्हे, हेटाळणीने झाली. १६८१ मध्ये थॉमस डाइनली या प्रवाशाने १७ मार्चला लोक शॅमरॉक लावून फिरतात असं नोंदवलं, आणि त्रैक्याची गोष्ट कागदावर आली ती थेट १७२६ मध्ये, केलेब थ्रेलकेल्ड यांच्या वनस्पतींवरच्या पुस्तकात. थ्रेलकेल्ड वैद्य होते आणि धर्मोपदेशकही, त्यामुळे त्याच दमात त्यांनी तक्रारही केली आहे, की लोक त्या दिवशी शॅमरॉक ‘ओला करायच्या’ निमित्ताने बेसुमार पितात.

बरं, शॅमरॉक ही नेमकी वनस्पती कोणती? नॅथॅनिएल कोलगन या हौशी निसर्गअभ्यासकाने १८९० च्या दशकात देशभरातल्या लोकांकडून ‘अस्सल शॅमरॉक’ची मुळासकट रोपं मागवली, लावली आणि फुलं येईपर्यंत वाट पाहिली. निघाल्या चार वेगवेगळ्या जाती: क्लोव्हर या तिपानी रोपांतला पिवळ्या फुलांचा बारका क्लोव्हर, पांढरा क्लोव्हर, लाल क्लोव्हर आणि आपल्याकडच्या लसूणघासाच्या कुळातलं एक रोपटं. निम्म्याच्या आसपास मतं पिवळ्या क्लोव्हरला पडली. १९८८ मध्ये चार्ल्स नेल्सन यांनी हाच प्रयोग पुन्हा केला आणि निकाल जवळपास तोच आला. चार पानांचा नशीबवान क्लोव्हर मात्र शॅमरॉक नव्हे. त्रैक्याची गोष्ट सांगायची तर पानं तीनच हवीत.

अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजी सत्तेविरुद्धच्या बंडखोरांनी हिरवा रंग आणि शॅमरॉक उचलला आणि त्याला राजकीय धार आली. पुढे १९०० मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात आयरिश पलटणींनी रक्त सांडल्यावर, राणी व्हिक्टोरियाने आयरिश सैनिकांना सेंट पॅट्रिकच्या दिवशी तो लावायची मुभा दिली. बंडाची खूण आणि राणीची मेहेरबानी, दोन्हीसाठी रोप तेच.

हार्प या तंतुवाद्यावरची ओढाताण तर उघडच. १५३० च्या दशकात इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने आयर्लंडसाठी पाडलेल्या नाण्यांवर हार्प आलं, वर मुकुटासह. ‘युनायटेड आयरिशमेन’ या बंडखोर संघटनेने त्याच वाद्याखाली लिहिलं, ‘नव्या तारा चढवल्या आहेत, आता ते ऐकू येईल.’ १७९२ च्या जुलैमध्ये बेलफास्टला जुन्या वादकांचा मेळावा भरला. जमले मोजके, बहुतेक म्हातारे. त्यांतले डेनिस हेम्पसन नव्वदी ओलांडलेले, अंध आणि वाढवलेल्या नखांनी धातूच्या तारा छेडणारे. एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या पोराला त्या सुरावटी लिहून घ्यायला बसवलं होतं. त्याने त्या लिहिल्या नसत्या तर बऱ्याचशा त्या वादकांबरोबरच गेल्या असत्या. आज पासपोर्टावर आणि युरोच्या नाण्यावर दिसणाऱ्या हार्पचा नमुना ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्याला अकराव्या शतकातल्या ब्रायन बोरू राजाचं नाव आहे, पण वाद्य त्याच्यानंतर तीनेकशे वर्षांनी बनलेलं. गिनेस कंपनीने १८७६ मध्ये याच हार्पची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली. १९२२ मध्ये स्वतंत्र आयरिश राज्याने ते मुद्रेवर घेतलं, तेव्हा त्याचं तोंड बिअरच्या बाटलीवरच्या हार्पच्या उलट दिशेला राहिलं.

क्लॅडा अंगठी, म्हणजे दोन हात, मधे हृदय, वर मुकुट, ही गॉलवेच्या कोळीवाड्याच्या नावाने ओळखली जाते. हातात हात गुंफलेल्या अंगठ्या रोमन काळापासून युरोपभर होत्या. गॉलवेची घडण १७०० च्या सुमारास रिचर्ड जॉइस या सोनाराच्या नावावर सांगतात. तो म्हणे समुद्री चाच्यांच्या हाती सापडून अल्जियर्सला गुलाम होता आणि तिथेच ही कला शिकला. कोळीवाड्याची जुनी घरं १९३० च्या दशकात पाडली गेली, अंगठी जगभर गेली. तेरा महिन्यांचं ‘केल्टिक वृक्ष-पंचांग’ तर निखालस आधुनिक. कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांनी ते १९४८ मध्ये मांडलं. त्याच्या आधाराने जन्मवृक्ष सांगणाऱ्यांना ओघम या जुन्या आयरिश लिपीतल्या एकाही शिलालेखाचा पाठिंबा नाही. ते जुने शिलालेख बहुतांशी माणसांची नावं सांगतात: अमुक, तमुकचा मुलगा.

या सगळ्यात दुकानावर फारशी अवलंबून न राहिलेली खूण म्हणजे आयर्लंडची संत ब्रिजिड हिचा क्रॉस. १ फेब्रुवारीच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी लव्हाळं आणून तो विणतात. लव्हाळं कापत नाहीत, उपटतात. क्रॉस दारावर किंवा छपराच्या वाशात खोचतात, घराला आग लागू नये म्हणून. आयर्लंडची सरकारी दूरचित्रवाणी डिसेंबर १९६१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिने हेच चिन्ह घेतलं आणि नव्वदच्या दशकापर्यंत ठेवलं. २०२३ पासून ब्रिजिडच्या नावाने सार्वजनिक सुट्टी मिळते: फेब्रुवारीचा पहिला सोमवार, किंवा १ तारीख शुक्रवारी आली तर तो शुक्रवार.