अक्षरांवरच्या पापुद्र्याचं तापमान

एखादी प्राचीन वस्तू खरी की बनावट, असा वाद पेटला की बहुतेकांच्या तोंडी एकच तोडगा असतो: कार्बन डेटिंग करा आणि मोकळे व्हा. इटलीतल्या तुरिनच्या कफनाला, म्हणजे काहीजण येशूचं मानतात त्या कापडाला, तो लागूही पडला. ऑक्सफर्ड, झुरिक आणि अॅरिझोना इथल्या प्रयोगशाळांनी 1988 मध्ये त्या कापडाचा काळ इ.स. 1260 ते 1390 असा काढला. पण लिननचं कापड म्हणजे वनस्पतीचे धागे, कधी काळी जिवंत असलेले. दगडाचं काय करणार? चुनखडीतही कार्बन असतो, पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळातला. कार्बन-14 दर 5730 वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे चुनखडीत तो कधीच संपलेला असतो. आणि समजा दगडाचं वय कळलं, तरी त्यावरची अक्षरं कोणी कधी कोरली ते कळत नाहीच.

हा पेच सगळ्यात ठळकपणे समोर आला तो ‘याकोबाच्या अस्थिपेटी’मुळे. पहिल्या शतकात जेरुसलेमचे ज्यू लोक मृतदेह कोरीव गुहेत ठेवत आणि वर्षभराने अस्थी गोळा करून चुनखडीच्या पेटीत ठेवत. अशीच, जेमतेम अर्धा मीटर लांबीची एक पेटी ओदेद गोलान या इस्रायली संग्राहकाकडे होती. ऑक्टोबर 2002 मध्ये फ्रेंच पुरालेखतज्ज्ञ आंद्रे लमेर यांनी तिच्यावरचा अरामी लेख जाहीर केला: ‘याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ’. लेख अस्सल असेल आणि हा येशू म्हणजे नाझरेथचाच असेल, तर दगडावर कोरलेला त्याचा हा सर्वांत जुना उल्लेख ठरणार होता. घोषणेच्या पत्रकार परिषदेत एक टीव्ही वाहिनीही आयोजक होती. महिनाभरातच पेटी टोरोंटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयाकडे निघाली आणि वाटेत तिला तडे गेले. कसून तपासणी आधी आणि प्रदर्शन नंतर, हा साधा क्रम इथे पाळला गेला नाही, याचा मला आजही राग येतो.

पेटी जुनी आहे, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो अक्षरांचा. काहींच्या मते तर फक्त ‘येशूचा भाऊ’ एवढ्या शेपटाचा. त्यासाठी पाहायचा तो दगडावर चढलेला पापुद्रा, म्हणजे पॅटिना. गुहेतलं पाणी दगडावर ओलावा धरतं, विरलेला चुना हळूहळू कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाच्या, रूपाने साका धरतो. गरम पाण्याच्या पातेल्याच्या बुडाशी क्षार धरतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे शतकं लागतात. अक्षरं जुनी असतील तर त्यांच्या खाचांतही हाच थर हवा.

आता या थरातली गंमत. कॅल्साइटमध्ये ऑक्सिजन असतो. बहुतेक ऑक्सिजन अणूंचं वस्तुमान 16, पण पाचशेत साधारण एक अणू 18 चा, म्हणजे जड. पाण्यातून स्फटिक बनताना जड अणू स्फटिकात जास्त पसंतीने शिरतो, कारण तिथे त्याचा बंध अधिक पक्का बसतो. पण ही पसंती तापमानावर ठरते. थंडीत ती ठळक असते. उष्णता वाढत गेली की अणूंची धडपड वाढते आणि जड-हलक्यातला हा भेदभाव कमी होतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी 1947 मध्ये हे गणित मांडलं आणि खनिज स्वतःच तापमापक झालं. दर अंश सेल्सिअसला फरक पडतो हजारी सुमारे 0.2 एवढाच, पण वस्तुमान-वर्णपटमापकाला, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, तो दिसतो. मोजमाप होतं अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिनातल्या एका सागरी जीवाश्माच्या तुलनेत. त्याच्याहून जड ऑक्सिजन कमी असेल तर आकडा उणे येतो.

अर्थात मूळ पाणी कसं होतं, हे माहीत हवं. इथे नशीब जोरावर होतं. जेरुसलेमच्या पश्चिमेला सोरेक नावाची गुहा आहे. इस्रायलच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अवनेर अयालोन आणि मिरियम बार-मॅथ्यूज यांनी तिथल्या लवणस्तंभांतून त्या भागातल्या पावसाचा हजारो वर्षांचा इतिहास वाचून ठेवला होता. त्यावरून 18 ते 20 अंशांच्या गुहेत बनलेल्या पॅटिनाचा आकडा साधारण हजारी उणे 4 ते उणे 6 यायला हवा. जेरुसलेमच्या रीतसर उत्खननांतून मिळालेल्या पेट्यांवर बहुतेक तसाच आला. या पेटीच्या कोऱ्या पृष्ठभागावरही आला. अक्षरांतला थर मात्र काही ठिकाणी उणे 10 पर्यंत उतरला.

हजारी चार-पाचाचा फरक, अंशाला 0.2, म्हणजे वीस-पंचवीस अंश जादा. त्या गुहेत 40 अंशांच्या वर पाणी कुठून येणार? दुसरा मार्ग म्हणजे पाणीच वेगळं असणं, पण तसा पाऊस गेल्या तीन हजार वर्षांत तिथे पडल्याची सोरेकच्या नोंदींत खूण नाही. त्यातच इस्रायली पुरातत्त्वज्ञ युवाल गोरेन यांना अक्षरांतल्या थरात सागरी सूक्ष्मजीवांची कवचं सापडली. पाण्यात विरून पुन्हा साकळलेल्या कॅल्साइटमध्ये ती टिकणार नाहीत; दळलेल्या खडूत मात्र असतात. 2003 मध्ये इस्रायलच्या पुरातत्त्व प्राधिकरणाच्या समितीने लेख बनावट ठरवला, आणि अयालोन, बार-मॅथ्यूज व गोरेन यांच्या 2004 च्या शोधनिबंधाचा निष्कर्ष होता की हा थर बहुधा गरम पाणी वापरून मुद्दाम बनवला आहे.

मला हा पुरावा भक्कम वाटतो. पण विरोधकांचं म्हणणंही फेकण्यासारखं नाही. जर्मन भूसूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वोल्फगांग क्रुम्बाइन यांनी काही अक्षरांत जुन्या थराचे अवशेष असल्याचं सांगितलं. पेटी घासून-पुसून साफ केली असेल तर आकडे बिघडू शकतात, असाही मुद्दा आला. गुहेतून पेटी शास्त्रशुद्ध रीतीने बाहेर आली असती, तर हे सगळं लागलंच नसतं. गोलान यांचं म्हणणं, ती 1970 च्या दशकात जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून घेतली. ती कुठल्या गुहेतली, शेजारी कोणाच्या पेट्या होत्या, काहीच हाती नाही. आणि याकोब, योसेफ, येशू ही त्या काळातली घराघरातली नावं. असे बाप, भाऊ असलेले वीसेक याकोब त्या शहरात होऊन गेले असतील, असा अंदाज खुद्द लमेर यांनीच दिला होता. त्यामुळे ‘विज्ञानाने येशू सिद्ध केला’ किंवा ‘विज्ञानाने बायबल खोटं पाडलं’ असे जे मेसेज फिरतात, ते दोन्ही सारखेच निराधार आहेत. ऑक्सिजनचे अणू पाण्याची उष्णता सांगतात, कोणाच्या श्रद्धेबद्दल काही सांगत नाहीत.

या प्रकरणी गोलान यांच्यावर खटला चालला. 14 मार्च 2012 रोजी जेरुसलेमच्या न्यायालयाने त्यांना बनावटीच्या आरोपातून मुक्त केलं. किरकोळ आरोपांत ते दोषी ठरले. लेख खरा आहे असा याचा अर्थ नाही, फक्त खोटेपणा निःसंशय सिद्ध झालेला नाही, हे न्यायाधीश अहरोन फार्काश यांनी निकालात स्पष्ट केलं. 2013 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटी गोलान यांना परत द्यायला सांगितली. पण त्याआधीच पोलिसांच्या प्रयोगशाळेने अक्षरांवर लाल सिलिकॉन ओतून साचा घेतला होता, आणि तो उचलताना खाचांतला थरही निघून आला. पुन्हा मोजणी करायची, तर तेवढ्या भागात मोजायला आता थरच उरलेला नाही.