मराठी ख्रिस्ती समाजातील दैनंदिन धर्माचरण

मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत रविवारच्या उपासनेपलीकडे, म्हणजे घरात, शेतात, कामाच्या ठिकाणी आणि शेजारपाजारात, श्रद्धा कशी पाळली जाते याची ही नोंद आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १०.८ लाख ख्रिस्ती होते. लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही हे प्रमाण किंचित कमी, आणि त्यातही मुंबई-पुण्याकडचे बरेच जण कोकणी, मल्याळम किंवा तमिळ बोलणारे. मराठी ख्रिस्ती समाजाचे मोठे गट ढोबळमानाने दोन. एक वसई आणि उत्तर कोकणातला, पोर्तुगीज काळापासूनचा कॅथलिक समाज. दुसरा अहमदनगर (आता अहिल्यानगर), सोलापूर, जालना, नाशिक या पट्ट्यातला, एकोणिसाव्या शतकातल्या मिशनांमधून उभा राहिलेला आणि मुख्यतः प्रॉटेस्टंट. नगर जिल्ह्यात कॅथलिकांचीही जुनी वस्ती आहे. दोघांच्या चालीरीतींत बराच फरक असला तरी धर्माचा रोजचा भार दोन्हीकडे घरानेच उचलला आहे. याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. खेड्यापाड्यांत पाळक किंवा फादर रोज हाताशी नसत. एकाच्या वाट्याला अनेक गावे असत. मधल्या दिवसांत जे काही करायचे ते घरच्यांनीच.

नव्या करारातील याकोबाच्या पत्रात क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे असे म्हटले आहे. मराठी प्रवचनांत हे वचन वारंवार येते. मात्र ‘क्रिया’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर सिद्धांतापेक्षा सवयींत शोधलेले बरे.

घरची प्रार्थना

प्रॉटेस्टंट घरांत तिला कौटुंबिक उपासना म्हणतात. बहुधा रात्रीच्या जेवणाआधी किंवा जेवणे आटोपल्यावर सतरंजी अंथरली जाते, बायका डोक्यावर पदर घेतात. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातले एखादे गीत होते, तेही सहसा सगळ्यांना पाठ असलेलेच. मग शास्त्रपाठ, शाळकरी मुले असतील तर आळीपाळीने एकेक वचन वाचतात आणि जुन्या करारातल्या नावांवर अडखळतात. शेवटी घरातले वडीलधारे माणूस प्रार्थना करते. या प्रार्थनेला छापील मजकूर नसतो. विहिरीचे पाणी, थोरल्याची पोलीस भरती, शेजारच्या काकूंचे ऑपरेशन, सोसायटीचा हप्ता, सगळे तिच्यात येते, आणि कोणासाठी प्रार्थना झाली यावरून घरात काय चालले आहे ते पाहुण्यालाही कळते. ‘आमेन’ झाल्यावर सगळे एकमेकांना सलाम करतात. नुकतीच भांडलेली जावा-जावाही यातून सुटत नाहीत. घरातला अबोला मोडायला याहून सोपी रीत सापडणे कठीण.

कॅथलिक घरांत हीच जागा जपमाळेची. संध्याकाळी दिवेलागणीनंतर वेदीसमोर बसून कुटुंबातली एक व्यक्ती पुढे म्हणते, बाकीचे साथ देतात. मे महिना मरियामातेचा आणि ऑक्टोबर जपमाळेचा. तेव्हा प्रार्थना घराच्या उंबऱ्याबाहेर पडून आळीतल्या क्रुसापाशी किंवा शेजाऱ्यांच्या ओटीवर होते. वसईच्या गावांत आणि मुंबईतल्या जुन्या गावठाणांत रस्त्याकडेचे, अंगणातले दगडी क्रूस जागोजागी दिसतात. मुंबईतले बरेच क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत लोकांनी उभे केले. फुलांची माळ आणि मेणबत्ती अजूनही त्यांना चुकत नाही.

पुस्तक आणि गाणे

घरात वाचायचे तर वाचता आले पाहिजे. बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी मराठी नवा करार १८११ मध्ये छापला. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनने शाळा काढल्या, आणि पुढे नगर हे तिचे मोठे केंद्र झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तिथूनच १८४२ मध्ये निघाले. कॅथलिकांचे ‘निरोप्या’ १९०३ मध्ये सुरू झाले. प्रचलित भाषांतराची मराठी बोजड आहे आणि साध्या बायकांना ती कळत नाही, असे पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः बायबलचे भाषांतर केले. पुण्याजवळ केडगावला त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासूनची कामे तिथल्याच स्त्रियांनी केली, आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि बालविधवा यांनी खिळे जुळवून छापलेला हा ग्रंथ, एवढी एक गोष्टही रमाबाईंच्या धर्मश्रद्धेबद्दल पुष्कळ सांगून जाते.

मराठी ख्रिस्ती माणसाची श्रद्धा वाचनापेक्षा गाण्यातून अधिक घडली, असे म्हणायला जागा आहे. परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले आणि लोकांसमोर गायले-वाचले जाई. पुढे नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. सर्वांत खोल ठसा मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने येशूला अभंगांत आणले. त्याआधी चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींवर बसवलेली मराठी गीते गायली जात. शब्द मराठी, पण तालासुराची ओढाताण. टिळकांच्या पदांनी पेटी, टाळ आणि तबला उपासनेत हक्काने आणले. आजही नगरच्या एखाद्या चर्चमध्ये एकाच सकाळी इंग्रजी चालीचे स्तोत्र आणि त्यामागून भूपाळीच्या वळणाचे पद ऐकू येते, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. कोणी मेले की घरी जमलेली मंडळी रात्रभर गातात, तेव्हा मात्र बहुतेक पदेच निवडली जातात.

टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एकत्र राहू शकतील अशी ती कल्पना होती. दोन वर्षांत टिळक वारले आणि प्रयोग थांबला. ब्रिटिश मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापलेल्या ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघा’ने आश्रमाची वाट पुढे चालवली. खादी, साधे शाकाहारी जेवण आणि जमिनीवर बसून प्रार्थना हा तिथला क्रम होता. असे आश्रम अभ्यासकांना फार आवडतात. सामान्य कुटुंबांच्या जगण्यावर त्यांचा परिणाम त्यामानाने थोडाच झाला.

वर्षाचे चक्र

उपवासकाळाचे चाळीस दिवस कॅथलिक घरांत स्वयंपाकघरापासून सुरू होतात. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दिवशी उपवास, शुक्रवारी मांस वर्ज्य. या काळात लग्ने सहसा धरत नाहीत. प्रॉटेस्टंटांत खाण्यापिण्याचे नियम सैल, पण उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात आणि उपासना तीन तास चालते. ऐन उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली हे तीन तास काढणे हेही एक तपच. पुनरुत्थानाच्या रविवारी पुष्कळ गावांत पहाटे गात गात फेरी निघते. कॅथलिक २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनी कबरी स्वच्छ करून त्यांवर फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात.

शेतीशी बांधलेला सण पाहायचा असेल तर नगरकडचा कापणीचा सण पाहावा. खेड्यातली मंडळी आपल्या उत्पन्नातले काहीतरी घेऊन येतात: ज्वारीची पायली, कांद्याची पाटी, भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर या वस्तूंचा आवारातच लिलाव होतो. बाजारात चाळीस रुपयांना मिळणाऱ्या भोपळ्याची बोली चारशेवर जाते, आणि ज्याने तो घेतला तोच पुन्हा लिलावाला परत करतो. पाळक बोली वाढवायला थट्टा करतात, शहरातून आलेले चाकरमाने चढाओढ लावतात, पैसे स्थानिक चर्चच्या खर्चाला जातात. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची, म्हणजे दशमांशाची शिकवण सगळ्या चर्चांत दिली जाते. ती काटेकोरपणे पाळणारे मोजकेच. लिलावात मात्र हात सैल सुटतो. मुंबई आणि वसईच्या ईस्ट इंडियन समाजात (म्हणजे इथल्याच मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांत) नव्या भाताचा असाच सण ऑक्टोबरात ‘आगेरा’ म्हणून होतो. जत्राही आहेत. वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरच्या सुमारास भरते, आणि श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेसाठी त्याच महिन्यात दूरदूरच्या गावांहून लोक येतात. दोन्हीकडे नवस बोलणाऱ्यांत हिंदू भाविकही मोठ्या संख्येने असतात.

काय ठेवायचे, काय सोडायचे

ख्रिस्ती झाल्यावर कोणत्या रिवाजांना फाटा द्यायचा, हा वाद मराठी ख्रिस्ती घरांत दीडशे वर्षे चालू आहे आणि तो प्रत्येक लग्नाच्या वेळी नव्याने उफाळतो. मंगळसूत्र बहुतेकांनी ठेवले, फक्त वाट्यांच्या जागी किंवा वाट्यांबरोबर क्रूस आला. हळद बहुतेक ठिकाणी लागते. कुंकवाबद्दल एकमत नाही. जुन्या मिशन कुटुंबांत ते लावत नाहीत. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणतात आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक चर्चमध्ये विवाहसंस्काराला उभे राहतात. वसईतल्या सामवेदी (कुपारी) समाजाने बोली, लग्नगीते आणि वयस्क बायकांचे लाल लुगडे जपले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज गेले, तरी हा समाज आपल्या वाड्यांत ख्रिस्ती म्हणूनच टिकून राहिला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होऊ लागला, तेव्हा घरची भाषा वेदीपर्यंत पोहोचली.

नावांतही तेच. वसईकडे लोपीस, डाबरे, परेरा. नगरकडे आडनाव गायकवाड, साळवे किंवा शिंदे आणि पाळण्यातले नाव शमुवेल, एस्तेर, कृपा किंवा आशिष. दारूच्या बाबतीत दोन परंपरांत मोठी दरी आहे. अमेरिकन मिशनच्या वळणात वाढलेल्या घरांत दारू आणि तंबाखू हे जवळजवळ धर्म सोडण्याइतके गंभीर मानले जाई, तर कॅथलिक लग्नात पेला पुढे करणे हा साधा पाहुणचार. कॅथलिक-प्रॉटेस्टंट सोयरिकीत कोणत्याही सिद्धांताआधी हा मुद्दा निघतो.

सेवा

मिशनांच्या संस्थांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत काढलेले रुग्णालय, नगरचे मुक्तिफौजेचे (सॅल्व्हेशन आर्मीचे) रुग्णालय, ठिकठिकाणच्या शाळा ही सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे. या संस्थांनी ख्रिस्ती घरांत शिक्षिका आणि परिचारिका यांची परंपराच निर्माण केली. परिचारिकेचे काम उच्चवर्णीय घरे हलके समजत होती त्या काळात नगर-मिरजेकडच्या ख्रिस्ती मुलींनी ते अभिमानाने पत्करले. समाजातल्या कित्येक कुटुंबांची आर्थिक घडी आजीच्या नर्सिंगच्या पगाराने बसली आहे.

कमी चर्चा झालेली बाजू सहकाराची आणि पाण्याची. वसईच्या कॅथलिकांनी १९१८ मध्ये सावकारीतून सुटण्यासाठी पतसंस्था उभारली. आज ती मोठी सहकारी बँक आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे स्विस फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात पाणलोट विकासाचे काम केले. गावाने श्रमदान करावे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी, मगच पैसा, अशी त्यांची अट असे. त्या गावांत ख्रिस्ती कोणी असो वा नसो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’च्या आंदोलनात टँकर लॉबी आणि बेबंद बांधकामांविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणले. चर्चने असल्या भानगडीत पडावे का, यावर तेव्हा श्रद्धाळूंमध्येच दोन तट होते. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

जात

दैनंदिन आचरणाची खरी कसोटी इथे लागते. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिल्याप्रमाणे, पती ख्रिस्ती झाल्यावर त्या बराच काळ सोवळे पाळत, स्वयंपाक वेगळा ठेवत. विटाळाची कल्पना मनातून जायला बाप्तिस्म्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा झगडा करावा लागला. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. सगळ्यांना हे साधले असे नाही. वसईत लग्ने अजूनही बहुतांशी सामवेदी, वाडवळ, कोळी अशा आपापल्या गटांतच जुळतात. मराठवाडा आणि नगरकडे बहुसंख्य ख्रिस्ती मूळचे महार आणि मांग समाजातले. पंगतीत एकत्र जेवतात, प्रभुभोजनाला एका वेदीपाशी येतात, सोयरिकीच्या वेळी मात्र मूळ जातीची चौकशी होते.

कायद्यानेही गुंता वाढवला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात सामावून घेतले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. त्यामुळे एकाच आजोबांच्या नातवंडांत बौद्ध शाखेला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, ख्रिस्ती शाखेला मिळत नाही. या प्रश्नासाठी केंद्राने २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दरम्यान कित्येक कुटुंबे दाखल्यावर हिंदू आणि घरात ख्रिस्ती आहेत. बाप्तिस्म्याची नोंद रजिस्टरात झाली तर मुलाच्या जातीच्या दाखल्यावर प्रश्न येऊ शकतो. नोंद नसली तर पुढे त्याचे लग्न चर्चमध्ये लावताना पाळकाची पंचाईत होते.