एकट्याची डिंगी: होडी समान करण्याचा शंभर वर्षांचा खटाटोप

एकट्याने चालवायच्या शिडाच्या डिंगीवरचे, म्हणजे छोट्या उघड्या होडीवरचे वाद पुन्हा पुन्हा त्याच दोन ठिकाणी येऊन थांबतात. कोणत्या वर्गाला, म्हणजे एकाच आराखड्याच्या होड्यांच्या गटाला, ऑलिंपिकमध्ये जागा द्यायची, आणि नियमात बसणारी होडी बनवण्याचा हक्क कोणाचा? दोन्हींच्या मुळाशी एकच इच्छा आहे. सगळ्यांची होडी सारखी असावी, म्हणजे हार-जीत चालवणाऱ्याची ठरेल.

१९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सीन नदीवर म्युलाँ इथे एकट्यांची शर्यत झाली, तेव्हा होड्या यजमानांनीच पुरवल्या होत्या. पुढची काही ऑलिंपिकं हाच शिरस्ता राहिला, पण दर वेळी होडी मात्र वेगळी. १९३२मध्ये स्नोबर्ड, १९३६मध्ये ओ-योले. १९४८मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्कीला तर फायरफ्लाय ही मुळात दोघांची डिंगी एकट्यांच्या हाती दिली गेली.

त्याच टॉर्कीत वीस वर्षांचा पॉल एल्व्हस्ट्रोम पहिली शर्यत अर्धवट सोडूनही सुवर्णपदक जिंकला. पुढची तीन ऑलिंपिकंही त्याचीच. डेन्मार्कच्या या खेळाडूने काय बदललं, हे पदकांच्या आकड्यावरून कळत नाही. घरी त्याने एक बाक तयार केला होता. पट्ट्यांत पाय अडकवून, अंग बाहेर झोकून तो त्यावर तासन् तास लटकण्याचा सराव करायचा. वाऱ्याने कलणारी होडी स्वतःच्या वजनाने सपाट ठेवता आली की शिडाची ताकद वाया जात नाही, वेग टिकतो. होड्या सारख्या असल्या की फरक मांड्यांत आणि पोटाच्या स्नायूंत पडतो, हे त्याने सगळ्यांच्या आधी ओळखलं. माझ्या मते या खेळाचा आधुनिक इतिहास त्या बाकापासून सुरू होतो.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी फिन ही नवी डिंगी आली. तिचा आराखडा स्वीडनच्या रिकार्ड सार्बीचा. तो व्यवसायाने केशकर्तनकार, आणि छंद कनू, म्हणजे अरुंद हलक्या होड्या, बांधण्याचा. हेलसिंकीत आपणच आखलेल्या होडीत त्याने कांस्यपदक मिळवलं. फिन जवळपास सत्तर वर्षं ऑलिंपिकमध्ये टिकली, पण ती जड होती आणि तिला भरभक्कम माणूस लागायचा. वजन कमी पडणारे पाण्याने जड केलेले कपडे घालून उतरायचे. पाठीवर पडणाऱ्या त्या भारामुळे पुढे अशा कपड्यांवर नियमांची बंधनं आली.

लेझर या पुढच्या डिंगीचा जन्म एका फोनवर झाला. १९६९मध्ये कॅनडातला होडी बनवणारा इयन ब्रूस याने होड्यांचे आराखडे करणाऱ्या ब्रूस कर्बीकडे मोटारीच्या टपावर नेता येईल अशी छोटी होडी मागितली. कर्बीने बोलता बोलताच आराखडा रेखाटला. ज्या कामासाठी तो हवा होता ते बारगळलं, तरी कागद जपून ठेवला गेला. १९७०मध्ये विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हावर हजार डॉलरच्या आतल्या होड्यांची शर्यत झाली, तिथे ही होडी पहिल्यांदा उतरली. शीड शिडं बनवणाऱ्या हान्स फोगचं, आणि चालवायलाही तोच. १९७१मध्ये ती विक्रीला आली.

लांबी ४.२३ मीटर, डोलकाठी दोन तुकड्यांची, शीड पायमोज्यासारखं तिच्यावर चढवायचं. पण खरी ताकद नियमांत होती: परवानाधारक कारखान्यातून आलेल्या होडीत मालकाने जवळपास काहीच बदलायचं नाही. म्हणूनच दोन लाखांहून जास्त होड्या बनल्या, आणि साधी जुनी होडी घेऊनही माणूस शर्यतीत उतरू शकला. १९९६मध्ये ती ऑलिंपिकमध्ये आली आणि ब्राझीलच्या रॉबर्ट शाइटने पहिलं सुवर्ण नेलं.

मात्र समानता कारखान्यावर सोपवली की कारखाना कोणाचा, हाच प्रश्न उभा राहतो. परवाने, आराखड्याचं स्वामित्वधन आणि नावाचा हक्क यांवरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. अखेर २०१९मध्ये वर्गसंघटनेने लेझर हे नावच सोडलं. होडी तीच, पण आता नाव आयएलसीए, म्हणजे वर्गसंघटनेच्याच इंग्रजी नावाची आद्याक्षरं. होडीच्या एकाच सांगाड्यावर तीन शिडं चढतात: ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटरची, म्हणजे अनुक्रमे आयएलसीए ७, ६ आणि ४. हलक्या माणसासाठी शीड लहान करता आलं, हे या वर्गाचं मोठं काम. २००८पासून स्त्रियांची ऑलिंपिक शर्यत मधल्या शिडावर होते.

जड माणसासाठी तशी सोय झाली नाही. टोकियोनंतर फिन ऑलिंपिकमधून गेली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती मार्सेयला झाल्या; तिथे एकट्या पुरुषांची डिंगी एकच होती, आयएलसीए ७, आणि तिच्यात वरच्या फळीतल्या खेळाडूंचं वजन ८० किलोंच्या आसपास असतं. ९०च्या पुढचे, उंच, रुंद खांद्यांचे खेळाडू बाहेर राहिले. मला हा निर्णय अजूनही चुकीचा वाटतो. फिन गोल्ड कप, म्हणजे फिनची जागतिक स्पर्धा, १९५६पासूनचा. तो मात्र ऑलिंपिकशिवायही चालू आहे.