कंबरदुखी आणि व्हिडिओ कॉल

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणतं. यात मूळ इजा बरेचदा भरून आलेली असते, पण मज्जारज्जू आणि मेंदू जास्तच सावध झालेले असतात. साधा ताणही ते दुखणं म्हणून नोंदवतात. एमआरआयमध्ये फारसं काही नाही आणि कंबर मात्र वाकवत नाही, ते यामुळेच. दुखणं खोटं नसतं.

असा आजार एका तपासणीत आटोपत नाही, उपचार थोडा थोडा बदलत न्यावा लागतो. गोव्यात सत्तरी किंवा सांग्याच्या आतल्या गावातून बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायचं तर दिवस मोडतो आणि बसच्या धक्क्यांनी कंबर धरते ती वेगळीच. मधल्या भेटी फोनवर झाल्या तर चालतं. त्यासाठी ई-संजीवनी ही सरकारची व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचा सल्ला देणारी सेवा सर्वांना खुली आहे. लष्करी परिचर्या सेवेतून किंवा अधिकारी पदावरून निवृत्त होऊन गावी परतलेल्या स्त्रियांसाठी २०२१ पासून संरक्षण मंत्रालयाची ‘सेहत’ ही ऑनलाइन ओपीडीही आहे.

कॉलवर सर्वांत जास्त घोळ फोन हातात धरल्याने होतो. खुर्चीवर डब्याला टेकवून तो कंबरेच्या उंचीवर ठेवा आणि सात-आठ फूट मागे उभ्या राहा. खिडकी पाठीशी आली तर डॉक्टरांना नुसती सावली दिसते. टाचांवर चालायला सांगतात, ते पायातली ताकद पाहायला. तोल जाईल म्हणून कुणीतरी जवळ हवं. तपासणी झाली की मात्र त्या माणसाला बाहेर सोप्यावर बसू द्या. ओटीपोटाचं दुखणं, झोप, नोकरीतले जुने प्रसंग हे घरच्यांसमोर बोललं जात नाही, आणि नेमकं तेच राहून जातं. पावसाळ्यात वीज गेली की वायफायही जातं, तेव्हा मोबाइल डेटा हाताशी असू द्या.

‘दहापैकी किती दुखतं?’ हा आकडा एकटा फारसं सांगत नाही. गेल्या आठवड्यात दुखणं सरासरी किती होतं, आनंदाच्या आड किती आलं आणि कामाच्या आड किती आलं, असे तीन आकडे लिहून ठेवा.

आता काजूच्या हंगामाचं पाहू. बरं वाटलं त्या दिवशी चार तास ओणवं होऊन बोंडं वेचायची, मग दोन दिवस अंथरुणात. हे चक्र घड्याळाने तोडता येतं. किती मिनिटांनी दुखणं वाढू लागतं ते तीन दिवस लिहा. समजा २०, ३०, २५. सरासरी २५, त्यातून पाचवा हिस्सा वजा केला की उरतात २०. वीस मिनिटं झाली की दुखत नसलं तरी पाठ सरळ करायची. आठवडाभर निभावलं तर दोन मिनिटं वाढवा, जास्त नको. योजना फसते ती बहुधा बऱ्या दिवशीच, ‘एवढी रांग संपवूया’ म्हणताना.

गोळ्यांची सगळी पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरा. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत पॅरासिटामॉल असू शकतं, आणि रोजची आयबुप्रोफेन पोटाला व मूत्रपिंडाला बाधते. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन ही कडक वेदनाशामकं कॉलवर लिहून देता येत नाहीत, त्यासाठी डॉक्टरांकडे जावंच लागतं.

लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, जांघेत बधिरता आली, पाय अचानक लुळा पडू लागला, तर कॉलची वेळ घेत बसू नका. १०८ ला फोन करा.