पावसाचं गोड पाणी खारपाणपट्ट्यात का मुरत नाही?

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जमीन खरी अडवते ती पावसाळ्यात. आभाळातून गोड पाणी पडतं आणि तेच मुरत नाही. वावरात पाणी साचतं, वापसा (मशागतीजोगी ओल) येता येत नाही, तूर पिवळी पडते. खारं पाणी वाईट आणि पावसाचं चांगलं, या हिशेबात हे बसत नाही.

याचा माग काढत गेलं की आपण 1857 सालात पोहोचतो. मायकेल फॅरडेनं सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले होते. माणकासारखा लाल द्रव मीठ पडताच निळा झाला, कारण कण एकमेकांना चिकटू लागले. 1861मध्ये थॉमस ग्रॅहॅमनं अशा पदार्थांना 'कोलॉइड' म्हटलं. आपण कलिल म्हणतो. पुढे शुल्झे (1882) आणि हार्डी (1900) यांनी दाखवलं की कण खाली बसवायला दोन विद्युतभारांचा कॅल्शियम हा एका विद्युतभाराच्या सोडियमपेक्षा कितीतरी कमी पुरतो. रांजणात तुरटी फिरवल्यावर गाळ बसतो, त्यातही तीन भारांच्या ॲल्युमिनियमचा हात आहे.

काळ्या मातीतले चिकणकणही असेच कलिल. ते ऋणभारित असतात, म्हणून एकमेकांना ढकलतात. पाण्यात क्षार वाढले की कणाभोवतीचं भारांचं आवरण आखडतं. लिटरला 0.06 ग्रॅम मीठ असेल तर ते साधारण 10 नॅनोमीटर, 6 ग्रॅम असेल तर जेमतेम 1. मग कण जवळ येतात आणि त्यांच्यातली ओढ वरचढ ठरते. हे गणित डेर्यागिन-लांडाऊ (1941) आणि फेरवे-ओव्हरबेक (1948) यांनी मांडलं.

आपल्या वावराला थेट लागू पडतं ते मात्र 1955चं क्वर्क आणि स्कोफील्ड या मृदाशास्त्रज्ञांचं काम. सोडियम धरून बसलेल्या मातीत, पाण्यातले क्षार एका पातळीखाली उतरले की झिरपणं घटतं. विहिरीचं खारं पाणी मातीला सोडियम चिकटवतं, पण त्यातलेच क्षार कणांना गोळा करून ठेवतात. पाऊस क्षार धुऊन नेतो, सोडियम मागे राहतो. कण फुगतात, सुटे होतात, मातीची छिद्रं बुजतात.

जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, इथे दोन्हीकडून कामी येतं. लिटरला सुमारे अडीच ग्रॅम विरघळून ते पावसाच्या पाण्यातही क्षार ठेवतं आणि त्याचा कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. हुसकावलेला सोडियम वाहून जायला चर लागतो, आणि सपाट पूर्णाकाठी अडतं ते तिथेच. म्हणून चर काढल्याशिवाय जिप्सम टाका, असं मी कुणाला सांगत नाही.