ख्रिस्ती भक्तिगीतांमधलं समर्पण

ज्या ख्रिस्ती गाण्यात गाणारा आपली इच्छा, वेळ, पैसा, शरीर, प्रसंगी जीवसुद्धा देवाच्या हवाली करतो त्याला समर्पणगीत म्हणतात. स्तुतीच्या गाण्यात देवाचं वर्णन असतं, प्रार्थनेच्या गाण्यात मागणं असतं, इथे मात्र गाणाराच काहीतरी देतोय आणि तेही "मी" म्हणून, त्यामुळे अख्खी मंडळी एका सुरात गात असली तरी शब्द प्रत्येकाला एकट्याला गाठतात.

याचं मूळ बायबलमध्येच आहे. गेथशेमाने बागेत येशू म्हणतो की माझी नको, तुझी इच्छा होऊ दे. लूक ९:२३ मध्ये दररोज आपला वधस्तंभ उचलायला सांगितलंय, आणि रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल शरीर जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा म्हणतो. जिवंत यज्ञ, म्हणजे एकदा मरून सुटका नाही, रोज द्यायचं.

चांगल्या गाण्यात आधी ख्रिस्ताचा त्याग येतो, माणसाचा नंतर. इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्सचं १७०७ चं वधस्तंभावरचं गीत बघा, जवळजवळ पूर्ण गाणं फक्त त्या दृश्याकडे बघत राहतं आणि शेवटच्या कडव्यात म्हणतं की सगळी सृष्टी माझी असती तरी देणगी अपुरीच पडली असती, म्हणून मग जीव, प्राण, सर्वस्व. हा क्रम उलटा केला की गाणं देवाशी केलेला सौदा वाटायला लागतं.

१९व्या शतकात पवित्र जीवनावर भर देणाऱ्या चळवळींमुळे अशा गाण्यांना जोर आला, १८७५ मध्ये सुरू झालेलं इंग्लंडमधलं केझिक अधिवेशन त्यातलंच. फ्रान्सिस हॅवरगलने १८७४ मध्ये हात, पाय, आवाज, ओठ, चांदी-सोनं अशी एकेक गोष्ट देत जाणारं गीत लिहिलं आणि १८७८ मध्ये स्वतःचे दागिने खरंच मिशनरी संस्थेला पाठवून दिले. जडसन व्हॅन डिव्हेंटरच्या १८९६ च्या गीतामागे चित्रकला की सुवार्ताप्रसार ही त्याची अनेक वर्षांची ओढाताण होती. १९०७ मधलं ॲडलेड पोलार्डचं गीत बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा कुंभार आणि माती घेऊन येतं, तिथे माणूस काही देतही नाही, नुसता घडवला जातो.

मराठीत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओवीच्या घाटात लिहिलं, त्यामुळे संतांची शरणागतीची भाषा येशूच्या पायाशी सहज आली.

या गाण्यांवरचा एक आक्षेप मला रास्त वाटतो. "सगळं तुझं" म्हणायला काही किंमत मोजावी लागत नाही, आणि त्यागाचे हेच शब्द छळ सोसणाऱ्या माणसाला गप्प बसवायलाही वापरता येतात, पण गीतातलं अर्पण देवाला असतं, मारणाऱ्याला नाही. आताच्या वर्शिप (उपासनेच्या) गाण्यांत एकच ओळ पुन्हा पुन्हा गातात, भावना भरपूर असते, चांदी-सोन्याचा विषय मात्र सहसा निघत नाही.