आधी कॅप्सूल, मग लघवी: ‘दडलेल्या धातूं’च्या तपासणीचा खुलासा

‘हाडामांसात मुरलेलं शिसं, पारा साध्या तपासणीत दिसत नाही, डीएमएसएची कॅप्सूल घेऊन सहा तासांची लघवी तपासली की सापडतं’ हा समज चुकीचा आहे.

डीएमएसए हे औषध अंगातल्या धातूला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. अन्नपाण्यातून आलेला थोडाफार धातू प्रत्येकाच्या अंगात असतोच, म्हणून धडधाकट माणसाचाही आकडा औषधानंतर चढतो. खरी गफलत पुढे आहे: रिपोर्टवर छापलेली मर्यादा औषध न घेतलेल्या लोकांची असते. मग ‘जास्त’ असा शेरा जवळपास ठरलेलाच! अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने २००९ सालीच ही पद्धत शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध नसल्याचं स्पष्ट सांगितलं. अशा रिपोर्टवरून मुलांना धातू काढायची औषधं देणं तर धोक्याचंच.

शिशाचा संशय असेल तर शिरेतलं रक्त तपासा. आर्सेनिक, कॅडमियम आणि पाऱ्याची वाफ यांसाठी लघवी योग्य, पण औषधाविना, आणि सोबत क्रिएटिनिन (लघवी किती दाट-पातळ आहे हे दाखवणारा घटक) मोजलेलं हवंच. नाहीतर कमी पाणी प्यायलेल्याचा आकडा उगाच फुगतो.

कोकण-गोव्यातल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं: मासे, कोळंबी, तिसऱ्या खाल्ल्यावर एकूण आर्सेनिक कैक पटींनी वाढतं. त्यातलं बहुतेक आर्सेनोबीटेन, म्हणजे निरुपद्रवी. तपासणीआधी चार-पाच दिवस मासळी बंद ठेवा, तरीही आकडा जास्त आला तर अकार्बनी, म्हणजे खरं विषारी, आर्सेनिक वेगळं मोजून मागा. नमुना धातूविरहित प्लास्टिकच्या डबीतच द्या. घरची बाटली नको. गॅडोलिनियम (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून देतात ते धातूयुक्त द्रव्य) टोचून एमआरआय झाला असेल तर नमुना देण्याआधी ९६ तास थांबा.